पटावर नाव, कोपऱ्यात जागा : साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलचा इतिहास

१/
दरवर्षी ७ नोव्हेंबर रोजी महाराष्ट्रातील शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांत ‘विद्यार्थी दिवस’ पाळला जातो. निबंध लिहिले जातात, वक्तृत्व स्पर्धा होतात, फळ्यावर तारीख सुवाच्य अक्षरांत लिहिली जाते. ही तारीख कोणाची जयंती नव्हे आणि पुण्यतिथीही नव्हे. १९०० साली या दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये नऊ वर्षांच्या एका मुलाने इंग्रजी पहिलीच्या वर्गात प्रवेश घेतला. शाळेच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकासमोर त्याचे नाव आहे : भिवा रामजी आंबेडकर.

२/
शाळेत नाव दाखल होणे ही तशी नित्याची बाब. प्रत्येक वर्षी, प्रत्येक शाळेत अशा शेकडो नोंदी होतात. मग याच एका नोंदीचा दिवस का पाळावा? त्याचे उत्तर केवळ ‘हा मुलगा पुढे बाबासाहेब झाला’ एवढ्यावर संपत नाही. ते उत्तर शोधताना त्या शाळेचा, ती ज्या वाड्यात भरली त्या वाड्याचा आणि ‘सरकारी शाळा सर्वांसाठी खुली आहे’ या आज अगदी साध्या वाटणाऱ्या वाक्याचा इतिहास पाहावा लागतो. हा धागा त्याविषयी.

३/
प्रथम वाडा. साताऱ्याचा जुना राजवाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२४ साली बांधविला. प्रतापसिंहांचे बालपण पेशव्यांच्या नजरकैदेत गेले होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईनंतर ते इंग्रजांच्या हाती आले आणि त्याच वर्षी इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. आरंभी कारभार ग्रँट डफ पाहत असे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच. १८२२ मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार महाराजांकडे आले.

४/
प्रतापसिंहांना विद्येची आवड होती. त्यांनी साताऱ्यात पाठशाळा काढली, ग्रंथ जमविले, स्वतःची रोजनिशी ठेवली. परंतु कंपनी सरकारशी त्यांचे बिनसत गेले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोपही त्यांच्यावर ठेवण्यात आला. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठविले. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडण्यासाठी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे तेथे झगडत राहिले. त्याचा उपयोग झाला नाही. १८४७ साली महाराजांचा काशीतच अंत झाला.

५/
गादीवर बसविलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब एप्रिल १८४८ मध्ये निवर्तले. त्यांना औरस संतती नव्हती. दत्तकविधान नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केले. या धोरणाखाली खालसा झालेले हे पहिले मोठे संस्थान. राज्य गेले, वाडा राहिला. ज्या वाड्यात दरबार भरत असे त्या जुन्या राजवाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरू लागले. पदच्युत राजाच्या घरात सत्ताधाऱ्यांची शाळा आली, आणि काही दशकांनी त्या शाळेत एका निवृत्त सुभेदाराचा मुलगा शिकावयास आला.

६/
‘हायस्कूल’ ही त्या काळी नवी वस्तू होती. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षण ही सरकारची जबाबदारी मानली. त्यानंतर मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते उभे राहिले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली. शिक्षणाची शिडी ठरून गेली : आधी मराठी चार इयत्ता, मग इंग्रजी सात, शेवटी मॅट्रिक. मामलेदार कचेरीतील कारकुनी, वकिली, मास्तरकी, कॉलेज, या सर्वांचा रस्ता याच शिडीने वर जात असे.

७/
म्हणून जिल्ह्याच्या गावचे सरकारी हायस्कूल हे गावातील सर्वांत महत्त्वाचे दार होते. सरकारदरबारी पुढे कोण बसणार, याचा निर्णय बऱ्याच अंशी तेथे होत असे. आणि ते दार चालत होते सार्वजनिक पैशावर. महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या व कष्टकऱ्याच्या घामातून, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थरातील थोड्यांना होतो, असे त्यांनी सरकारला लेखी सुनावले. ‘सार्वजनिक’ म्हणजे कोणाचे, हा प्रश्न असा पैशाच्या हिशेबातून उभा राहिला.

८/
या प्रश्नाची पहिली गाजलेली कसोटी साताऱ्यात लागली नाही, धारवाडात लागली. धारवाड आज कर्नाटकात आहे. तेव्हा ते मुंबई इलाख्यात होते. जून १८५६ मध्ये एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाडच्या सरकारी शाळेत शुल्क भरण्याची तयारी असूनही आपणास प्रवेश नाकारला, अशी त्याची तक्रार होती. वुडच्या खलित्याची शाई वाळून जेमतेम दोन वर्षे झाली होती. सरकारला आता उत्तर देणे भाग होते.

९/
मुंबई सरकारचे उत्तर वाचण्यासारखे आहे. तत्त्व म्हणून पाहिले तर न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे सरकारने कबूल केले. पण शतकानुशतकांचे पूर्वग्रह एका झटक्यात मोडता येत नाहीत. या एका मुलासाठी शाळेत सक्ती केली तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि बहुसंख्यांच्या दृष्टीने ती निरुपयोगी होईल, असा सरकारचा युक्तिवाद होता. न्याय कोणाच्या बाजूस आहे हे लिहून ठेवायचे आणि त्याच कागदावर प्रवेशही नाकारायचा, असा तो निर्णय होता.

१०/
प्रकरण तेथे थांबले नाही. १८५७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारने मुंबई सरकारकडे विचारणा केली आणि बंगालमध्ये असा प्रवेश बहुधा नाकारला गेला नसता, असे कळविले. अखेर १८५८ साली लंडनच्या संचालक मंडळाने स्पष्ट आदेश दिला : सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी आहेत. या तत्त्वामुळे काही मुले शाळा सोडून गेली तरी हरकत नाही. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी स्वतःच्या पैशाने स्वतःपुरत्या शाळा काढाव्यात. कागदावर प्रश्न मिटला होता.

११/
व्यवहारात मात्र कागद आणि वर्ग यांच्यात मोठे अंतर होते. शाळा चालविणारे शिक्षक, स्थानिक समित्यांतील प्रतिष्ठित, मुलांचे पालक, हे सारे त्याच समाजातले. आदेश लंडनहून आला तरी बाकावर कोणी कोणाशेजारी बसायचे हे गावातच ठरत असे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई यांनी अस्पृश्य मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढल्या, त्यामागे हीच परिस्थिती होती. सरकारी शाळेचे दार नियमाने उघडे होते, पण उंबरा ओलांडणाऱ्यास आत जागा नव्हती.

१२/
१८८२ साली शिक्षणाचा आढावा घेण्यासाठी हंटर आयोग नेमला गेला. फुल्यांनी आपले प्रसिद्ध निवेदन याच आयोगापुढे सादर केले. आयोगाने १८५८ चे तत्त्व पुन्हा मान्य केले. मात्र ते जपून, परिस्थिती पाहून अमलात आणावे आणि शक्य तेथे स्वतंत्र शाळांना उत्तेजन द्यावे, अशी पुस्तीही जोडली. परिणाम ठरलेलाच होता. मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळांत काही हजार अस्पृश्य मुले दिसत. माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचलेली मात्र बोटांवर मोजण्याइतकी होती.

१३/
प्रवेश मिळाला तरी बसायचे कोठे, याचे एक उत्तर कोकणात दापोलीस मिळाले. तेथे लष्करातून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांची वस्ती होती. १८९० च्या दशकात त्यांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले. बऱ्याच खटपटीनंतर मुलांना घेतले गेले, पण बसविले गेले व्हरांड्यात. वर्गातला आवाज ऐकू येईल, वर्गाचा स्पर्श होणार नाही, एवढ्या अंतरावर. सरकारी कागदात या मुलांची नोंद ‘प्रवेश दिला’ अशीच झाली असणार.

१४/
ही पेन्शनर मंडळी मुलांच्या शिक्षणासाठी एवढी आग्रही का होती? कारण लष्कराने त्यांना शिकविले होते. कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिशांच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि पलटणीत शिपायांच्या व त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय असे. रामजी सकपाळ हे अशाच परंपरेतले. लष्करी शाळेत त्यांनी अनेक वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले आणि सुभेदार म्हणून ते निवृत्त झाले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीस लष्कराने महारांची भरती बंद केली. वर येण्याचा एक रस्ता बुजला होता. शाळेचा रस्ता त्यामुळे आणखी मोलाचा झाला.

१५/
सुभेदारांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीस राहिले आणि मग नोकरीनिमित्त साताऱ्यास आले. साताऱ्यातच भिवाची आई भीमाबाई वारली. मुलगा तेव्हा अगदी लहान होता. मराठी इयत्ता कँपातल्या शाळेत पुऱ्या झाल्यावर पुढची पायरी एकच होती : राजवाड्यातील सरकारी हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ती चढली गेली. धारवाडच्या अर्जाला तेव्हा ४४ वर्षे झाली होती.

१६/
या वेळी कोणी प्रवेश नाकारला नाही. कारकुनाने नाव लिहिले, क्रमांक पडला. १८५८ चा आदेश निदान नोंदवहीपुरता जिंकला होता, हे मान्य केले पाहिजे. पुढे वर्गात काय घडत असे, ते मात्र त्या वहीत सापडत नाही. साताऱ्यातील आपल्या शालेय दिवसांविषयी बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आत्मकथनपर लिखाणात लिहून ठेवले आहे. त्यातील काही तपशील त्या काळच्या शाळेच्या रीतिभातींवर लख्ख प्रकाश टाकतात.

१७/
पहिली रीत बसण्याची. तेव्हाच्या शाळांत मुले नंबराप्रमाणे बसत. हुशार मुलगा वर सरके, चुकणारा खाली येई. वर्गातील जागा ही त्या दिवसाच्या अभ्यासाची कमाई असे. गुणाला मान देणारी ही पद्धत शाळांना अभिमानाची वाटे. पण भिवाला ती लागू नव्हती. नंबर कोणताही असो, त्याने एका कोपऱ्यात वेगळे बसायचे. बाकी साऱ्या वर्गाची जागा बदलू शकत होती, फक्त एका मुलाची आधीच ठरलेली होती.

१८/
दुसरी रीत तरटाची. कोपऱ्यात बसण्यासाठी त्याने स्वतःचा गोणपाटाचा तुकडा आणायचा. शाळा झाडणारा नोकरही त्या तरटास हात लावीत नसे. म्हणून संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचे आणि सकाळी दप्तरासोबत पुन्हा आणायचे. इतर मुले शाळेत येताना पुस्तके आणीत. हा मुलगा पुस्तकांबरोबर आपली जागाही काखोटीस मारून आणीत असे. शाळेच्या नोंदवहीत नाव, जात, जन्मतारीख असे रकाने असतात. तरटासाठी रकाना नव्हता.

१९/
तिसरी रीत पाण्याची. तहान लागली की इतर मुले गुरुजींची परवानगी घेत, नळ सोडीत आणि पाणी पीत. भिवाला नळास हात लावण्याची मुभा नव्हती. त्याच्यासाठी नळ सोडायचा तो शाळेच्या शिपायाने. गुरुजींनी परवानगी दिली तरी शिपाई जागेवर नसला तर तहानेने बसून राहायचे. नळ सार्वजनिक होता, पाणी सार्वजनिक होते. ते मिळणे मात्र एका माणसाच्या हजेरीवर अवलंबून होते. हा अनुभव पुढे कोठे जाऊन पोहोचला, ते खाली येईलच.

२०/
शाळा म्हणजे नुसते नियम नव्हेत, माणसेही असतात. आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक तेथे होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या डब्यातील भाजी-भाकरी या मुलास देत. त्या भाकरीची आठवण बाबासाहेबांनी पुढे मोठ्या कृतज्ञतेने सांगितली आहे. एकाच इमारतीत, एकाच वेळापत्रकात हे दोन्ही घडत होते : कोपऱ्यातले तरट आणि गुरुजींची भाकरी. त्यातील एक गोष्ट व्यक्तीच्या मनावर अवलंबून होती, दुसरी सर्वांनी मिळून चालविलेली पद्धत होती. चांगुलपणामुळे भूक भागली. तरट तेथेच राहिले.

२१/
१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस गेले आणि शाळा बदलली. एल्फिन्स्टन हायस्कूल हेही सरकारीच, शहर तर अधिक सुधारलेले. तेथे एकदा गणित सोडविण्यासाठी शिक्षकांनी भीमरावास फळ्याकडे बोलाविले. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. तो फळ्यापाशी पोहोचण्यापूर्वी मुले धावत सुटली आणि त्यांनी आपले डबे उचलून बाजूस केले, असे धनंजय कीर यांनी चरित्रात नमूद केले आहे. गाव बदलले तरी वर्गातली रीत फारशी बदललेली नव्हती.

२२/
१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. त्याच्या समाजात ही घटना एवढी दुर्मीळ होती की अभिनंदनाची सभा भरली. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. या सभेतील पुस्तकाची आठवण सर्वांना असते, अध्यक्षांची फारशी नसते. ती ठेवायला हवी. कारण ‘सार्वजनिक’ या शब्दाच्या इतिहासात पुढचे पाऊल याच बोल्यांनी टाकले.

२३/
४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना वापरता आले पाहिजेत, असा त्याचा आशय. शाळा आणि पाणी एकाच वाक्यात आले होते. कसोटी एकच : पैसा सार्वजनिक असेल तर वापरही सार्वजनिक हवा. फुल्यांनी महसुलाचा जो हिशेब मांडला होता, त्याचेच हे कायदेमंडळातील रूप म्हणता येईल.

२४/
ठराव झाला, पण पुन्हा तोच जुना अनुभव आला. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला, प्रत्यक्षात अस्पृश्यांना तेथे जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले. शिपाई नळ सोडण्याची वाट पाहणारा मुलगा आणि तळ्यात उतरणारा नेता यांच्यामध्ये सव्वीस-सत्तावीस वर्षांचे अंतर होते. वाद मात्र तोच होता : कागदावर सर्वांचे असलेले पाणी खरोखर कोणाचे? तळ्याचा खटला पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ साली निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

२५/
मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन आयोगास मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन सादर केले. त्यात त्यांनी धारवाडचे प्रकरण सविस्तर मांडले आहे. १८५६ मधील तो अर्ज, मुंबई सरकारचे उत्तर, लंडनचा आदेश, सारे क्रमाने. निवेदनातील मांडणी दप्तरे आणि आकडे यांच्या आधाराने चालते. लेखकाने स्वतः सोसलेल्या तरटाचा आधार तिला घ्यावा लागत नाही. धारवाडच्या मुलाला त्याच्या अर्जानंतर ७२ वर्षांनी वकील मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

२६/
आता भारताचे संविधान उघडून पाहावे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात राज्याच्या निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव, रस्ते व सार्वजनिक जागांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणावरही बंधन घालता येणार नाही, असे म्हटले आहे. अनुच्छेद २९ चा दुसरा खंड राज्य चालवीत असलेल्या किंवा राज्याचे साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांच्या कारणाने प्रवेश नाकारण्यास मनाई करतो. एका तरतुदीत बोले ठराव व महाड ओळखू येतात, तर दुसरीत धारवाड.

२७/
फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. १८५८ चा आदेश म्हणजे राज्यकर्त्यांचे धोरण होते. ते अमलात न आणण्यासाठी ‘परिस्थिती’ हे कारण पुरेसे ठरे. संविधानात तोच मुद्दा नागरिकाचा मूलभूत हक्क झाला. धारवाडच्या मुलाला अर्ज करून सरकारच्या न्यायबुद्धीची वाट पाहावी लागली. आजच्या मुलाला न्यायालयात दाद मागता येते. आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यतेचे आचरणच बेकायदा ठरविल्यामुळे प्रश्न दारापाशी थांबत नाही. कोपरा, तरट आणि नळ यांच्यापर्यंत कायद्याचा हात पोहोचतो.

२८/
स्वातंत्र्यानंतर साताऱ्याच्या या हायस्कूलला छत्रपती प्रतापसिंहांचे नाव देण्यात आले. आज प्रतापसिंह हायस्कूल सातारा जिल्हा परिषदेकडे आहे, म्हणजे अजूनही सार्वजनिक शाळाच आहे. ज्या राजास पदच्युत करून इंग्रजांनी काशीस धाडले, त्याचे नाव इंग्रजी अमदानीतील सरकारी शाळेवर लागले. शाळेने भिवाच्या प्रवेशाची नोंद असलेले रजिस्टर जपून ठेवले आहे. एरवी अशी जुनी रजिस्टरे वाळवीच्या स्वाधीन होतात. नव्या इतिहास अभ्यासकांनी हे ध्यानात ठेवावे : सनदा आणि शिलालेख यांच्याइतकेच शाळेचे दप्तर हेही इतिहासाचे साधन आहे.

२९/
साताऱ्यात ७ नोव्हेंबर हा ‘शाळा प्रवेश दिन’ म्हणून साजरा करण्याची प्रथा आधी स्थानिक पातळीवर सुरू झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढून हा दिवस राज्यभर ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळण्यास सांगितले. शाळांच्या परंपरा सहसा संस्थापक, देणगीदार, बोर्डात आलेले विद्यार्थी आणि जिंकलेल्या ढाली यांच्याभोवती गुंफलेल्या असतात. या परंपरेच्या केंद्रस्थानी पटावर चढलेले एक नाव आहे. त्या दिवसापर्यंत त्या मुलाने काही जिंकले नव्हते. तो फक्त आत आला होता.

३०/
म्हणूनच हा दिवस पाळताना अर्धीच गोष्ट सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. ‘याच शाळेने बाबासाहेब घडविले’ हे वाक्य भाषणात शोभते. पण ज्या शाळेने त्याला इंग्रजीची पहिली अक्षरे दिली, त्याच शाळेच्या व्यवस्थेत तो कोपऱ्यात बसला आणि शिपायाअभावी तहानेला राहिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक वगळली की दुसरीचा अर्थ हरवतो. केवळ अभिमान सांगितला तर संघर्ष दिसत नाही. केवळ अपमान सांगितला तर, मिळालेल्या त्या चार इयत्तांचे काय मोल होते ते कळत नाही.

३१/
धारवाड १८५६, लंडन १८५८, दापोलीचा व्हरांडा, सातारा १९००, महाड १९२७ आणि शेवटी संविधान. ही साखळी एका शब्दाच्या अर्थासाठी झालेल्या भांडणाची आहे. ‘सरकारी’ किंवा ‘सार्वजनिक’ शाळा म्हणजे नुसती सरकारच्या पैशावर चालणारी शाळा की सर्वांना समान जागा देणारी शाळा? पहिला अर्थ १८५४ पासूनच होता. दुसरा मिळविण्यास शंभर वर्षे लागली, आणि तो टिकविण्याचे काम प्रत्येक वर्गात रोज करावे लागते.

३२/
येत्या ७ नोव्हेंबरला फळ्यावर तारीख लिहिली जाईल, तेव्हा १९१४ हा क्रमांकही लिहावा. त्याच्या बाजूस कोपऱ्यातल्या तरटाची आठवण सांगावी. आणि मग प्रत्येक वर्गाने आपल्याच वर्गाकडे एकदा पाहावे : पटावर नाव असलेले प्रत्येक मूल आज कोठे बसले आहे, कोणाशेजारी बसले आहे, आणि तहान लागली तर कोणाला न विचारता पाणी पिऊ शकते का.

(धागा समाप्त)